पडद्यावरचं जनावर आणि आमचे भाऊजी

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, तीस वर्षं लोकांच्या घरात फरशा बसवताहेत. दोन्ही गुडघ्यांना टायरचे तुकडे बांधायचे आणि सकाळपासून दिवे लागेपर्यंत रांगायचं, हा धंदा. बसवलेल्या प्रत्येक फरशीवर ते बोटानं टकटक करतात, मान तिरकी करून कान खाली नेतात. आवाज पोकळ आला की फरशी उचलून पुन्हा बसवतात. "भाऊजी, फरशी काय म्हणतेय? ताईपेक्षा गोड बोलते का?" असं मी त्यांना छळायचे. ते गालातल्या गालात हसायचे. बोलणं मुळातच कमी. घरमालक त्यांना ओलांडून जातात, त्यांच्या डोक्यावरून फोनवर भांडतात, तिथे ते बोलणार तरी कोणाशी?

गेल्या वर्षी एका सिनेमाच्या डायरेक्टरच्या घराचं काम मिळालं. हा माणूस निराळा निघाला. स्वतः चहा करून आणायचा, भाऊजींच्या शेजारी मांडी घालून बसायचा आणि एकेक विचारत राहायचा. काम बारा दिवसांचं होतं, भाऊजींनी वीस लावले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काम लांबवलं! घरी आले की "आमचा डायरेक्टर असं म्हणाला, तसं म्हणाला" सुरू. पन्नाशीत दोस्त मिळाला होता माणसाला. ताई लटकंच रागवायची, पण मनातून खूश होती.

सिनेमाच्या पहिल्या खेळाला त्यानं आम्हा तिघांना बोलावलं. "तुम्ही आहात त्यात," एवढंच फोनवर म्हणाला. भाऊजी अर्धा तास आधीच तयार होऊन बसले.

पडद्यावर एक कारकून होता, त्याच्याशी कोणी बोलत नाही. हळूहळू त्याच्या अंगावर केस येतात, पाठ वाकते, तो चार पायांवर येतो. आणि चार पायांवर येऊन तो चालायला लागला, तेव्हा ते आमचे भाऊजीच होते. आधी डावा गुडघा, तिरकी मान, जमिनीला लावलेला कान, टकटक. लोक हसत होते. मीही आधी हसले, कबूल करते. मग ताईचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं. पुढे घरातली बाई त्या जनावराकडे जेवणाचं ताट पायानं सरकवते. तिथे भाऊजींनी डोळे मिटून घेतले.

खेळ संपल्यावर डायरेक्टरनं भाऊजींना पुढे बोलावलं, खांद्यावर हात टाकला. "समाजानं एकटं पाडलं की माणसाचं जनावर होतं, हे मला यांनी शिकवलं," तो लोकांना म्हणाला. मेल्या, शिकवलं नव्हतं, दोस्त समजून सांगितलं होतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टाळ्या पडल्या. मग तो भाऊजींना म्हणाला, "एकदा चालून दाखवता का सगळ्यांना?"

आणि आमचे भोळे भाऊजी खरंच वाकायला लागले. ताई धावली, दंड धरून त्यांना बाहेर घेऊन आली.

रस्त्याच्या कोपऱ्यावर येऊन ताई थांबली.

"अहो, ते ताटाचं... खरं आहे?" ताईनं विचारलं.

"दोनदा झालं तसं, कामावर."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू रडली असतीस. तो नुसता ऐकून घ्यायचा."

ताई भर रस्त्यात हुंदके देऊन रडायला लागली. भाऊजी कावरेबावरे होऊन माझ्याकडे बघायला लागले.

"बघ," ते म्हणाले, "म्हणूनच सांगत नव्हतो."