मबारकाने धून थांबू दिली नाही

मबारका सकाळी हमामात बायकांच्या पाठी घासते, त्यामुळे आमच्या गल्लीत तिच्यापासून काही लपत नाही. तोंड मात्र शिवलेलं. दुपारनंतर ती गनावा वादकांबरोबर जाते आणि धूप, रुमाल सांभाळते. आमच्या या एस्सौइरा बंदरात मनाचं दुखणं गनावांकडेच नेतात. अंगात येणारे आत्मे ते रुहानी; प्रत्येक रुहानीची धून वेगळी, रंग वेगळा. ज्याला जी धून लागते तो उठून नाचू लागतो; त्याच्या डोक्यावर त्या रंगाचा रुमाल घालायचा, आणि तो आपणहून बसेपर्यंत वाजवणं थांबवायचं नाही. मध्येच तोडलं तर माणूस अर्धा तिकडेच राहतो.

माझं पाहुणेघर आहे. हल्ली लांबून माणसं सुरांनी मन शांत करायला येतात, त्यांच्यासाठी मी अंगणात छोटीशी बैठक लावते. शांती किलोवर विकते म्हणून मबारका मला टोमणे मारायची, पण यायची.

माझी धाकटी बहीण रकिया माझ्याकडेच राहते. तिचा नवरा बूजमा मासेमारीला गेला आणि होडी तेवढी परत आली. त्या दिवसापासून रकियाची वाचाच बसली. धड रडलीही नाही. आम्ही तिच्यासाठी कितीदा बैठका केल्या! नवरा समुद्राने नेला, म्हणजे समुद्राचा रुहानी मूसा, त्याचीच निळी धून, हे आम्ही परस्पर ठरवून टाकलं. ती निळ्या रुमालाखाली नुसती बसून राहायची. ही आता अशीच झिजून जाणार, या धास्तीने माझी झोप उडाली होती.

एके दुपारी हॉलंडचे प्रवासी आले. त्यांच्या वाटाड्याने काहीतरी आनंदी वाजवा म्हणून सांगितलं. वादकांनी लल्ला मीराची पिवळी धून धरली. ही मीरा म्हणजे हसरी, नटवी, गोडखाऊ रुहानी. रकिया पुदिन्याचा चहा घेऊन येत होती. तिचे खांदे हलले. हातातलं तबक तिने एका प्रवासी बाईच्या मांडीवर ठेवलं आणि सरळ मधोमध गेली. मबारकाने तिच्या डोक्यावर पिवळा रुमाल टाकला. विधवेच्या डोक्यावर पिवळा! मी तो ओढायला धावले, तर मबारकाने कोपराने मला मागे लोटलं.

तेवढ्यात वाटाड्या उठला. वेळ संपली, बस उभी आहे, आता आवरा म्हणाला. मबारका हातातल्या धुपाटण्यासकट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बस तुझी ना रे बाळा? मग जाऊन बस तिच्यात. इथलं कोणी हलणार नाही."

आणि खरंच कोणी हललं नाही. ती बाई मांडीवरचं तबक धरून शेवटपर्यंत बसून राहिली. या लोकांना मी पाठीमागे पैसेवाले खुळे म्हणायचे. त्या दिवशी त्यांचे पाय धरावेसे वाटले. मबारकाचे उपकार तर या जन्मी फिटायचे नाहीत.

नाचता नाचता रकिया हसायला लागली. पोट धरून, पूर्वी हसायची तशी. मग आपणहून खाली बसली, घाम पुसला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही सगळे मला रडवायलाच टपला होतात. अगं, तो मला हसवायचा."

रडले ती मीच.