भर दुपारच्या दोन हाका

माझ्या टेबलावर एक संगणक आहे. त्यावर मी विजेचं बिल भरते, फोटो बघते आणि आता हे लिहिते आहे. मधूनच कोपऱ्यातून एक लाल पाटी वर येते: तुमचा संगणक धोक्यात आहे, ताबडतोब इथे दाबा. मी दाबत नाही. हात मांडीवर ठेवून बसते आणि ती पुन्हा येते का ते बघते. नात पुण्याला संगणकांच्या सुरक्षेच्याच कामात आहे. तिला विचारलं, अगं, घरच्या संगणकाला ते अँटीव्हायरस विकत घ्यावंच लागतं का? ती म्हणाली, "नाही गं आजी. राखणदार तुझ्या मशीनमध्ये आधीच बसवलेला असतो. तो अपडेट मागेल तेव्हा तेवढं नाही म्हणू नकोस. जी पाटी घाबरवून राखण विकते ना, तिच्यातच रोग असतो. आणि आपल्या माणसानं पाठवलंय म्हणून काहीही उघडू नकोस."

ती सहज बोलून गेली. मला मात्र माझी माय आठवली. हे सगळं आमच्या घरात एकदा होऊन गेलं आहे, आणि तेव्हा संगणक हा शब्दही आम्ही ऐकला नव्हता.

आम्ही अकोटला राहत होतो. बाबा कापसाच्या जिनात फिटर होते. जिनाच्या मागे टिनाच्या खोल्यांची रांग होती, तिच्यातली शेवटची खोली आमची. हंगामात यंत्रांचा इतका गलका असे की शेजारणीशी बोलायचं तरी ओरडून बोलावं लागे. चैत्र लागला की जीन बंद. बाबा दुरुस्तीच्या कामावर अकोल्याला जात आणि आठवड्यातून एकदा घरी येत. मग दुपारची जी शांतता पडे, ती मला अजून आवडत नाही. टिन तापून कडकड वाजे, पत्र्याला चिकटलेला कापूस उन्हात हलत राही आणि रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे.

त्या वेळेला माय दाराची कडी लावून घेई. तिचा एक नियम होता, तिच्या माहेरचा. भर दुपारी बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. तिसरी आली तरच माणूस. "थे दोनदाच बलावते," ती सांगे. "तिसरी हाक त्याले येत नाई." थे म्हणजे काय, हे तिनं कधी सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणे, "काहून पाहिजे तुले? आपण ज्याची वाट पाहून राहिलो, त्याच्याच आवाजात थे बोलते. एवढं ध्यानात ठेव."

त्या उन्हाळ्यात आम्ही देवी टोचणाऱ्याची वाट पाहत होतो. गावात देवीची साथ आली होती. आमच्या लोकांत तिला रोग म्हणत नसत, माता आली म्हणत. दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला की ओळखायचं. आमच्या रांगेच्या पलीकडच्या गल्लीत असे डहाळे लागले होते. माझ्या दंडावर शाळेत टोचलेल्याची खूण होती, मायच्या दंडावरही होती. राहिला होता फक्त माझा लहान भाऊ. रांगायला लागला होता, तोंडात दोन दात. माझ्या वेणीचं टोक मुठीत धरल्याशिवाय तो झोपत नसे, आणि मूठ सोडवायला गेलं की डोळे न उघडता रडे. फार जीव होता माझा त्याच्यावर. माय अडाणी नव्हती, हे आधीच सांगते, कारण लोक लगेच तसं धरून चालतात. तिला तो टोचायचाच होता. दवाखान्यात जाऊन तिनं स्वतः आमची खोली सांगून ठेवली होती. सकाळी येईल, असं तिला सांगितलं होतं.

तो सकाळी आला नाही. दुपारी आला. आधीच्या गल्लीत त्याला उशीर झाला असणार. पण हे आम्हाला मागाहून कळलं. तेव्हा एवढंच झालं की वहाणांचा आवाज आला आणि दाराशी थांबला. ओला गोणपाट लावलेल्या खिडकीतून काही दिसत नव्हतं.

"बाई, लेकराले देवी टोचायची आहे का?"

मी उठलेच. मायनं मला खाली ओढलं आणि माझ्या तोंडावर हात ठेवला. तिच्या तळव्याला कांद्याचा वास होता. ती दाराच्या फटीकडे बघत होती. फटीतून येणाऱ्या उजेडात सावली नव्हती. ऊन डोक्यावर असलं की कोणाचीच सावली पडत नाही, हे आज कळतं. तेव्हा आम्ही दोघी ती नसलेली सावली बघत बसलो.

"घरात आहे का कोणी? देवी टोचायची आहे का?"

दुसरी हाक. मायचे ओठ हलत होते. तिला तिसरी हवी होती. उभ्या जन्मात मी कोणाला एखाद्या आवाजाची इतकी वाट पाहताना बघितलं नाही. बाहेर थोडा वेळ काही नाही. मग वहाणांचा आवाज जिनाच्या भिंतीकडून गेला, आणि गेलाच.

संध्याकाळी शेजारीण म्हणाली, "तुमी कुठं होत्या वं? टोचणारा येऊन गेला ना." मायचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी बघितलं आहे. दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात धावली. तो खेड्यांच्या फेरीवर निघून गेला होता. परतेल तेव्हा पाठवतो, म्हणाले.

माय घाबरून गेली. नांदगाव खंडेश्वरला तिची सख्खी बहीण राहत होती. तिला तिनं एसटीच्या ओळखीच्या ड्रायव्हरकडून निरोप धाडला. मावशी धावत आली. भर दुपारीच आली. माहेरचा नियम तिलाही पाठ. तिनं दाराशी उभं राहून नेमक्या तीन हाका मारल्या, मधे नीट थांबून. तिसऱ्या हाकेला मायनं हसत कडी काढली. कित्येक दिवसांनी हसली होती.

मावशीनं पिशवीतून एक कुंची काढली. हिरवी, कडेला पिवळी लेस. तिच्या मुलाला माता येऊन गेली होती, आणि तो खडखडीत बरा झाला होता. त्याची ती कुंची. "माता ज्याले सोडून गेली त्याचं वस्त्र अंगावर असलं," मावशी म्हणाली, "का ती त्या लेकराकडे परत पायत नाई. आपल्या मायनं तुह्यासाठी हेच केलतं." तिनं ती धुतली नव्हती. धुतली की गुण जातो, अशी त्यांची समजूत. माझ्या भावाच्या डोक्यावर तिनं स्वतः ती बांधली, बोटं मोडून दृष्ट काढली. मीपण त्याची पापी घेतली, कुंचीवरूनच. इतका गोड दिसत होता.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. आम्ही संन्याशाला बाहेर ठेवलं आणि रोगाला हाका मोजून आत घेतलं. राग कोणावर काढू, मावशीवर? तिनं आपल्या लेकराच्या अंगावरची राखण काढून आणली होती.

टोचणारा तीन आठवड्यांनी परत आला, तेव्हाही दुपारच होती. पहिल्या हाकेचा पहिला शब्द पुरा व्हायच्या आत मायनं दार उघडलं. किडकिडीत माणूस, डोक्याला ओला पंचा, हातात डबा. भाऊ माझ्या मांडीवर होता, अंग तव्यासारखं तापलेलं. टोचणाऱ्यानं त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं, कपाळावरच्या पुरळाकडे बघितलं आणि डबा उघडलाच नाही.

"घरात दुसऱ्याचे कपडे आले काय कोणाचे?" त्यानं विचारलं. माय खुंटीवरच्या कुंचीकडे बघत राहिली. त्यानंही बघितलं. "जाळून टाका," म्हणाला. जाता जाता उंबऱ्यापाशी वळला. त्याच्या मनात काही नव्हतं, पण बोलला. "मांगं आलतो ना मी बाई. दोनदा आवाज देल्ला होता."

भाऊ गेला. शेवटी त्याचे डोळे मिटून गेले होते, तरी हात वेणी शोधत होता. मी वेणी त्याच्या मुठीत दिली आणि तशीच बसून राहिले. सोडवली ती मायनं.

नातीला मी कळवलं की वेगळं काही विकत घेत नाही. लाल पाटीला ओ देत नाही. राखणदारानं अपडेट मागितलं की पहिल्याच हाकेला हो म्हणते. मावशीसारख्या प्रेमाच्या माणसांचं आलेलं मात्र उघडायच्या आधी त्यांना फोन करते, मग ती रागावली तरी चालेल.

पुढे बाबांना अमरावतीला काम मिळालं आणि आम्ही तिकडे गेलो. मायनं नियम उलटा केला. कोणाचीही हाक असो, पहिल्यालाच दार. भिकारी, भांडीवाली, चुकलेला पोस्टमन. मग हळूहळू हाक नसतानाही ती उठायला लागली. मी तेव्हा कॉलेजात होते. सुट्टीतल्या एका दुपारी पुस्तक घेऊन पडले होते. माय एकदम उठली, धावत जाऊन कडी काढली. बाहेर पांढरं ऊन आणि रिकामा रस्ता.

"आहो ना बाप्पा, घरीच आहो," ती त्या उन्हाला म्हणाली. "लेकरू अंदर झोपलं आहे. या ना."

बराच वेळ ती दार धरून उभी होती. मग वळून मला म्हणाली, "दोनदा आवाज आला. तुले आला का?"

मी नाही म्हणाले. खरं तर दोन्ही हाका मी ऐकल्या होत्या, आणि तिसरीसाठी कान देऊन पडले होते.