येसूबाईचं वजन

कुडपणच्या पठारावरच्या वाडीत कोंडाजीला मान होता तो एकाच गोष्टीसाठी. मुंबई मंडळाचा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला नाही. पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेल्या वाडीकरांचं हे मंडळ. देवळाला रंग कुठला, पालखी आधी कुणाच्या दारी, पाण्याची टाकी वरच्या अंगाला की खालच्या, सगळं तिकडे ठरायचं आणि इकडे कोंडाजी ते करून घ्यायचा. आधी पत्रं येत, मग पोलादपूरच्या एसटीडीवर निरोप, आता मोबाईल. लोक म्हणत, काय शिस्तीचा माणूस! शिस्त कसली डोंबलाची. चाळीस वर्षं दुसऱ्याला विचारून विचारून त्याची स्वतःची अशी ठरवायची सवयच गेली होती.

एकवीस सालच्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, त्याची बायको येसूबाई तापानं पडली. चौथ्या दिवशी आरोग्य खात्याची आशाताई, अक्षदा, आली, तिनं बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघितला. एक्याण्णव.

"बाबा, काकीला आजच्या आज पोलादपूरला न्या. तिथं ऑक्सिजन हाय. हयगय करू नका."

कोंडाजीला चांगू आठवला. खालच्या वाडीतला चांगू महिन्यापूर्वी असाच दवाखान्यात गेला आणि तिथंच वारला, त्याचं तोंडसुद्धा घरच्यांना बघायला मिळालं नव्हतं. "बघतो," म्हणून कोंडाजी मोबाईल घेऊन देवळामागच्या खडकावर गेला. रेंज तिथंच मिळायची.

मंडळाच्या डोक्यात तेव्हा जंताच्या गोळीनं घर केलं होतं. आयव्हरमेक्टिन, बारा मिलीग्रामची. पोटातले जंत मारणारी गोळी ह्या आजारालाही मारते म्हणे. तेव्हा कुठंकुठं डॉक्टरही लिहून देत होते, नाही असं नाही. मंडळाचा सेक्रेटरी अनिल कुरिअर कंपनीत होता, त्यानं दोन पाकिटं भाजीच्या टेम्पोतून वर धाडलीही होती. आता किती द्यायची, एवढंच ठरायचं होतं.

मंडळाच्या ग्रुपवर बोलणं सुरू झालं. अध्यक्ष महिपतीचं म्हणणं, रोज एक, तीन दिवस. अनिल म्हणाला, "छे छे, पाच दिवस! मी व्हिडिओ टाकलाय, तो बघा की." मंडळातल्या समीक्षाचा नवरा मुंबईत इस्पितळात वॉर्डबॉय, म्हणून तिच्या शब्दाला वजन. तिनं सांगितलं, एक दिवसाआड. कुणी म्हणे उपाशीपोटी, कुणी म्हणे जेवल्यावर. सत्तावीस माणसं बोलली हो, आणि बाई श्वास कसा घेतेय हे एकाच्याही तोंडून निघालं नाही. कोंडाजी उन्हात उभा राहून "हो, हो" करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपतीनं तोडगा काढला. "कोंडाजी, ही गोळी वजनावर असते रे. वहिनीचं वजन किती?"

भाताच्या पोत्याचं विचारलं असतं तर कोंडाजीनं झोपेत सांगितलं असतं. बायकोचं कुठून माहीत असणार? मोठा काटा दोन मैलांवर, रेशनच्या दुकानात. वाडीतल्या सुनीलची जीप बोलावली. येसूबाईला खुर्चीत बसवून चौघांनी खुर्चीसकट गाडीत ठेवलं. दुकानदारानं तांदळाची पोती सारून जागा केली. आधी खुर्चीसकट तिला मोजलं, मग तिला सुनीलच्या खांद्याला टेकवून नुसती खुर्ची मोजली. त्रेचाळीस किलो भरली. चूक नको म्हणून कोंडाजीनं पुन्हा एकदा मोजायला लावलं.

परत गाडीत बसवताना येसूबाईनं त्याचं मनगट धरलं. ओठ काळपट पडले होते. "अवो, मला खाली न्या," ती म्हणाली. "दम पुरत नाय."

सुनीलनं गाडी चालू केली. "काका, काकी बसलीच हाय गाडीत. तासाभरात पोलादपूर. घेऊ का तशीच खाली?"

कोंडाजीनं उताराकडे बघितलं. न्यावी, असं त्याच्या मनात आलं. खरंच आलं होतं, पुढं तो शपथेवर सांगायचा. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"थांब रे जरा. वजन तरी कळवू दे मंडळाला. काय म्हणतात बघू."

आणि जीप वाडीकडे वळवली. अरे, गाडीत बसलेली बाई, मोकळा रस्ता, आणि वळवली! ह्याला काय म्हणावं?

त्रेचाळीस किलोला पाऊण गोळी बसते, असा हिशोब अनिलनं काढला. पाऊण तोडायची कशी, यावर दुपार गेली. शेवटी कोंडाजीनं अडकित्त्यानं तोडली आणि पाण्याबरोबर तिला दिली. तिनं ती गिळली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी अक्षदा आली तेव्हा चिमटा एकाहत्तर दाखवत होता. तिनं कुणाला विचारलं नाही. सुनीलला हाक मारली, येसूबाईला गाडीत घातलं आणि कोंडाजीला बखोटीला धरून शेजारी बसवलं. आंबेनळीच्या रस्त्याला लागेपर्यंत येसूबाई कण्हत होती, पुढं तेही थांबलं. दवाखान्यात नेल्यावर तासाभरात ती गेली.

दमलेली डॉक्टर मुलगी बाहेर आली. "आजोबा, ऑक्सिजन कमी झालाय हे कधी कळलं होतं?"

"परवा."

"मग दोन दिवस काय केलंत?"

"गोळी किती द्यायची ते ठरत होतं," कोंडाजी म्हणाला. "पाऊण दिली. वजनावर. बरोबर व्हती ना?"

मुलगी म्हणाली, "गोळीनं श्वास मिळत नाही, आजोबा. त्यांना इथं आणायला हवं होतं."

तेवढ्यात फोन वाजला. इथं रेंज भरपूर होती. महिपती होता. सुनीलकडून त्यांना कळलं होतं. "कोंडाजी, धीर धर. मयताचं काय करायचं, वर आणायचं की तिथंच, त्यासाठी मंडळ बसतंय. आम्ही ठरवून सांगतो."

"ठरवा," कोंडाजी म्हणाला. "सावकाश ठरवा. आता तिला घाई नाय."