राणीसावरगावातला समुद्र

हॉलच्या भिंतीलगत चार फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी, आत डोलणारे मऊ प्रवाळ आणि नारिंगी क्लाउनफिशची एक जोडी. परभणीच्या घरात हे चित्र मी तीन वर्षं मनात रंगवत होते. पुण्याच्या दुकानदाराला टाकी सांगूनही ठेवली होती. अशात ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली, "अगं, राणीसावरगावात माझ्या मामांकडे आहे तसली." मामा शेळ्या पाळतात. माझा विश्वास बसला नाही, म्हणून शनिवारी निघालेच.

सकाळच्या पॅसेंजरने गंगाखेडला उतरा. तिकीट किरकोळ, बसायला जागा मिळते. तिथंच पोहे खाऊन घ्या, कारण पुढची जीप भरल्याशिवाय हलत नाही. मी पाऊण तास ताटकळले.

बाबूरावमामा साठीचे, हडकुळे. शेळ्यांच्या गोठ्याला लागून एक खोली, दाराला ओलं पोतं. ते सारून मी आत गेले आणि जागीच थिजले. माझ्या मनातलीच टाकी, पण दुप्पट मोठी. जांभळे प्रवाळ, लाल कोळंबी, एक तळहाताएवढा पिवळाधमक मासा. बाहेर शेळ्या ओरडत होत्या.

"हैद्राबादला हाटेलात होतो," मामा म्हणाले. "अठरा वर्सं हीच टाकी धुतली. हाटेल बंद पडलं, मालक म्हनले, घिऊन जा."

"समुद्रावर गेलायत कधी?"

"आमी कुटं बघितलाय समुद्र," मामी हसल्या. "मीठ इकत येतंय. ह्ये पाण्यात कालवत्यात, मोजून बघत्यात."

दुपारी जेवायला बसलो. पिठलं-भाकरीचा पहिला घास घेतला आणि लाईट गेली. पंपाची घरघर थांबली. मामा ताटावरून उठले. इन्व्हर्टरची बॅटरी आठवड्यापूर्वीच बसली होती, नवी सोमवारी येणार होती.

"मॅडम, ह्यो प्लास्टिकचा मग घ्या," मामा म्हणाले. "पानी उचलायचं, वरून सोडायचं. हवा जाती आत."

मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले होते. आम्ही तिघं पाळीपाळीनं पाणी सोडत राहिलो. तासाभरात माझे खांदे भरून आले.

"असं नेहमी होतं?" मी मामींना विचारलं.

"लाईट तर रोजच जाती. आमच्यातलं एक जन घरी ऱ्हातंयच. लेकीच्या लग्नाला अक्षता पडल्या, तवा बी ह्ये हितंच बसले हुते."

माझा हात थांबला. मी मामांकडे पाहिलं. ते पाणी सोडत होते.

लाईट साडेतीनला आली. क्लाउनफिश वाचले. पिवळा मासा तळाशी आडवा पडला होता. मामांनी तो ओंजळीत काढला.

"हाटेलापासून होता संगं," एवढंच म्हणाले आणि गोठ्यात जाऊन बसले. निघताना मी हाक मारली, तर मान वर न करता हात जोडले.

तिथं जायचं असेल तर आधी फोन करून जा, आणि परतीची जीप पाचच्या आत गाठा.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. आम्ही दोघं सकाळी नऊला बाहेर पडतो, सातला परततो. दोन दिवसांनी मी पुण्याला फोन करून टाकी नको म्हणून सांगितलं. दुकानदारानं कारण विचारलं.

"दिवसभर आमच्या घरी कोणी नसतं."

तो हसला. "मॅडम, टाकी कोण चोरतंय?"