इरफानच्या स्केट्सना गंज चढला नाही

जानेवारीत एका मंगळवारी दुपारी फोन आला. लेहजवळ लष्कराची गाडी दरीत गेली होती. माझा भाऊ इरफान त्या गाडीत होता.

मी शनिवार पेठेत राहते. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. भुताखेतांचे ‘सत्य अनुभव’ मी कायम कथा-कादंबऱ्यांच्या कपाटात लावले... यावरून माझा विश्वास किती ते समजावं.

इरफान लष्कराच्या आईस हॉकी संघात खेळायचा. या खेळात भारत एक दिवस ऑलिम्पिकला जाईल आणि आपण त्या संघात असू, असं म्हणायचा. मामू त्याला म्हणायचे, “पुण्यात बर्फ उसाच्या रसात असतो. तू निघालास कुठे?”

रजेवर आला की तो गॅलरीत बसून स्केट्सची पाती पुसायचा, वाळवायचा, मशीनचं तेल लावायचा. “आपा, ओल्या पात्यावर कव्हर कधी घालायचं नाही. गंज चढला की संपलं.”

त्याची ट्रंक घरी आली तेव्हा मी नेमकं तेच केलं. कपड्यांबरोबर स्केट्सही नळाखाली धुतले, तशाच ओल्या पात्यांवर प्लास्टिकची कव्हरं चढवली, ट्रंकेला कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये. चूक लक्षात आली ती पावसाळा सरल्यावर — आणि मग उघडून बघायची हिंमत होईना.

पुढे मामू आले. मयताचे कपडे वाटून झाले, आता हे लोखंड भंगारात जाऊ दे, म्हणाले. मी नाही म्हणत राहिले. शेवटी किल्ली दिली. गंज पाहून माझाच हट्ट सुटेल, असं वाटलं.

मामूंनी कव्हर ओढलं आणि हात झटकला. अंगठ्यातून रक्त आलं. पातं कोरडं होतं. त्यावर तेलाचा पातळ थर होता — मशीनच्या तेलाचा वास. आमच्या घरात खोबरेल आणि गोडेतेल, एवढंच.

मामूंनी अंगठा रुमालात गुंडाळला. मग हळू म्हणाले, “घरात काहीतरी आहे, नसरीन. हे बाहेर काढ.”

“असू दे, मामू. त्याचंच घर आहे.”

ओळखीचे एक इंजिनिअर म्हणाले, ट्रंकेतली हवा कोरडी असेल. पुण्याचा पावसाळा त्यांनी पाहिला नसावा. आणि तेलाचं काय, ते त्यांनाही सांगता आलं नाही... मलाही येत नाही.

स्केट्स ट्रंकेत आहेत. मामूंच्या अंगठ्यावर व्रण आहे.