स्टेबल म्हणजे कसं?

साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला, की ढोकीच्या हवेत मळीचा आंबूस-गोड दरवळ मिसळतो आणि वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या तरी आत येऊन बसतो. त्या दरवळातच मी मुलांना इंग्रजी विशेषणांतले सूक्ष्म भेद शिकवते. ‘स्टिल’ आणि ‘स्टेबल’ ही त्यातलीच एक जोडी. शब्दकोशात दोहोंपुढे ‘स्थिर’ हाच अर्थ भेटतो आणि मुलं तेवढ्यावर समाधानी असतात. पण एकाच अर्थासाठी कुठली भाषा दोन शब्द उगाच का सांभाळील?

यंदाच्या माघात आमच्या शेजारचे दत्तूअण्णा उसाच्या उलटलेल्या ट्रॉलीखाली सापडले. मुलगा त्यांना घेऊन सोलापूरला धावला. विमलकाकू मागं राहिल्या. मी त्यांच्यापाशी बसून होते. दुपारी मुलाचा फोन आला. डॉक्टरांचा शब्द त्यानं जसाच्या तसा सांगितला आणि फोन ठेवला.

“बाई, स्टेबल म्हंजी कसं?” काकूंनी विचारलं.

“स्थिर आहेत, काकू.”

त्यांचा चेहरा विझला. “म्हंजी हलत न्हाईत व्हय?”

मी चरकले. वारा पडल्यावर विहिरीतलं पाणी स्थिर असतं. आणि वावटळीत फांद्या पिळवटल्या तरी मुळं न सोडणारा कडुलिंबही स्थिरच म्हणायचा. एकाच्या ठायी हालचाल नाही, दुसऱ्याच्या ठायी ढळणं नाही. या दोहोंमधलं अंतर त्या क्षणी एका बाईच्या अवघ्या संसाराएवढं होतं.

मी त्यांचा हात धरला. “तसं नाही, काकू. तब्येत आणखी बिघडत नाही. अण्णा तग धरून आहेत.”

“तग धरून हायत,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग उठल्या, तोंडावर पाणी मारलं. “मला तिकडं घिऊन चला.”

आम्ही मिळेल त्या एस.टी.नं निघालो. सांजावताना दवाखान्यात पोचलो, तेव्हा अण्णांनी डोळे उघडले होते. काकूंकडं बघत त्यांनी क्षीण स्वरात विचारलं, “म्हशीला पाणी दावलं का?”

“दावलं की,” काकू शांतपणे म्हणाल्या.

मग बाहेर येऊन त्यांनी मला शेजारणीला फोन लावायला सांगितला. म्हैस दुपारपासून दाव्याला तशीच तहानलेली होती. तेवढं सांगून झालं, आणि भिंतीला टेकून, त्या दिवसात पहिल्यांदाच, काकू मनसोक्त रडल्या.