सहा महिने बेकार

आमच्या आक्काची सोयरीक मी एका रकान्यात मोडत आणली होती.

गोष्ट सत्तरच्या आसपासची. मी कोल्हापुरात अर्थशास्त्र घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. (चढून घरी बसलेलाही पहिलाच, पण ते पुढे.) सर वर्गात म्हणाले, "राज्याची अर्थव्यवस्था समजून घ्यायची, तर आधी विचारा कोण काय काम करतो आणि त्याला किती मिळतं." आणि प्रत्येकाला दहा घरांचे दहा फॉर्म भरून आणायला सांगितलं. मला वाटलं, राज्य माझ्यासाठीच खोळंबलंय!

गल्लीत फिरल्यावर कळलं, आमच्याकडे पगार दोनच कारणांसाठी विचारतात. रेशनकार्डासाठी, नाहीतर सोयरिकीसाठी. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "कशाला इचारतोस? साखर वाढवून देणार हायत व्हय?" आणि नवऱ्याचा पगार त्यांनी तिथल्या तिथे निम्मा केला. पलीकडच्या घरात लग्नाचा मुलगा होता. तिथे पगार दुप्पट झाला, शिवाय मला चहा मिळाला. माझ्या आकड्यांप्रमाणे निम्मी गल्ली उपाशी मरत होती आणि निम्मी मोटार घ्यायच्या बेतात होती. प्रत्यक्षात रविवारी दोन्हीकडून मटणाचा सारखाच वास यायचा!

नववा फॉर्म आमच्याच घराचा. वडील, म्हणजे आबा, ओतकामाच्या कारखान्यात होते. त्यांनी आपला पगार सांगितला.

"आणि आक्काचं काम काय लिहू?"

"आक्का? ती घरातच असत्या की. काय न्हाय म्हणून लिव."

मी लिहिलं. शेजारी आक्काचं शिलाई मशीन एवढं खडखडत होतं, की आबांना ते वाक्य दोनदा ओरडून सांगावं लागलं.

दहावा फॉर्म गल्लीबाहेरचा हवा होता, आणि अनोळखी माणसाला पगार विचारायचा मला धीर होत नव्हता. पण देव दयाळू! रविवारी कसबा बावड्याहून आक्काला बघायला पाहुणे आले. मुलगा आणि त्याचे वडील. आधीची दोन स्थळं हुंड्यावरून परत गेली होती, म्हणून आईनं मला बजावलं होतं, "तू फकस्त पाणी द्यायचं." मी पाणी दिलं. आणि फॉर्म काढला.

"पावणं, थोडी माहिती हवी होती."

"इचार की!" वडील मिशीवरून हात फिरवत म्हणाले. त्यांना वाटलं, ही सोयरिकीचीच चौकशी. "साखर कारखान्यात हाय पोरगं. पक्की नोकरी!"

आबांचा चेहरा खुलला. शहाणा माणूस इथे थांबला असता. पण फॉर्मवर पुढचा प्रश्न होता!

"वर्षातून किती महिने काम?"

वडील छताकडे बघू लागले. मुलगा बिचारा सरळ. "गाळपाचा हंगाम चालतोय तवर," तो म्हणाला. "सा म्हैनं धरा."

लिहिलेलं समोरच्याला वाचून दाखवायचं, असा सरांचा नियम होता. मी खणखणीत आवाजात वाचलं, "सहा महिने रोजगार. सहा महिने बेकार."

वडील ताडकन उठले. "घरात बोलवून पोराला बेकार म्हंतायसा?"

"आवं बसा, बसा!" आबा धावले. "त्ये शास्त्रातलं बेकार हाय!"

"शास्त्रातलं असू दे न्हाय तर चावडीवरचं, बेकार त्ये बेकारच की!"

"म्हणजे, हंगामी बेकार," मी खुलासा केला.

खुलासा ऐकून ते चपला शोधायला लागले. आईनं आतून कपाळावर हात मारल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

तेवढ्यात आक्का चहा घेऊन बाहेर आली. मान खाली घालायचं ठरलं होतं. तिनं सरळ मुलाकडे बघितलं.

"ऱ्हायलेलं सा म्हैनं काय करता?"

"उसाला पाणी पाजतो. वैरण आणतो. म्हशींच्या धारा काढतो."

"त्येचा पगार?"

"घरच्या कामाला कसला पगार?"

आक्कानं माझ्या हातातले फॉर्म ओढले. सातवीपर्यंत शिकली होती ती. आमच्या घराच्या फॉर्मवर बोट ठेवून तिनं वाचलं, "काम... काही नाही." मग माझ्याकडे बघितलं. "आन् तुझी कॉलेजची फी कुठनं येत्या रं?"

मी मशीनकडे बघितलं. आबाही मशीनकडेच बघत होते.

"ह्यो फारम बेकार हाय, माणूस न्हवं," ती मुलाच्या वडिलांना म्हणाली. "बसा मामा, च्या निवतोय."

आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. मुलगा एकदम हसला. वडिलांनी एका पायात घातलेली चप्पल काढली, बसले आणि दोन बशा चहा प्याले.

लग्न वैशाखात झालं. हंगाम संपला होता. नवरदेव शास्त्राप्रमाणे बेकार होते.

सरांनी माझ्या फॉर्मवर 'आकडे विश्वासार्ह नाहीत' असा शेरा मारला आणि मला काठावर पास केलं. पुढे मी पदवीधर झालो आणि दोन वर्षं नोकरी शोधत घरी बसलो. (बाराही महिने!) एकदा आक्का आणि दाजी माहेरी आले. चहा झाल्यावर आक्का आत आपल्या जुन्या मशीनवर बसली. दाजींनी खिशातून कागद-पेन्सिल काढली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले.

"पावणं, थोडी माहिती पायजे हुती. आमचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू हुतोय. तुमचा कवा?"

मी तोंड उघडेपर्यंत आतून मशीनची खडखड थांबली आणि आक्का ओरडली,

"काय न्हाय म्हणून लिवा!"